कामाच्या अनुभवाचे श्रेयांक मिळतात का?

प्रश्न : बारावीनंतर माझे शिक्षण थांबले. हडपसरच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचे काम करते. आता पदवी घ्यायची आहे. या अनुभवाचे श्रेयांक (पदवीसाठी मोजली जाणारी अध्ययनाची एकके, म्हणजे ‘क्रेडिट’) मिळतील का? – एक वाचक, पुणे

उत्तर : मिळू शकतात, परंतु केवळ नोकरीची वर्षे मोजून नव्हे. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार अध्ययनाच्या ३० तासांना एक श्रेयांक धरला जातो आणि त्यात अनुभवातून आलेल्या ज्ञानालाही स्थान आहे. मात्र मूल्यमापन झाल्याखेरीज श्रेयांक दिला जात नाही. ही अट मला रास्तच वाटते, कारण तिच्यामुळे तुमच्या कौशल्याकडे कोणी उपकाराच्या नजरेने पाहणार नाही. म्हणून अनुभवाचे प्रमाणपत्र, प्रशिक्षणाचे दाखले आणि प्रत्यक्ष हाताळलेल्या मापनसाधनांची नोंद आधी जमवा. प्रवेशापूर्वीच महाविद्यालयाला लेखी विचारा, की पूर्वज्ञानाचे मूल्यमापन तेथे होते का, कोण करते आणि कोणत्या विषयाच्या बदल्यात श्रेयांक धरले जातात. तोंडी आश्वासनावर शुल्क मुळीच भरू नका.

‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांची वाट अधिक सरळ आहे. विद्यापीठाची मान्यता असल्यास एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यातून पूर्ण करता येतात. मिळालेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत (विद्यार्थ्यांच्या श्रेयांकांची नोंद ठेवणारी ऑनलाइन ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’) जमा होतात, त्यासाठी तेथे खाते उघडावे.