‘गाडी त्याची, जबाबदारी त्याची’ कोर्टात टिकत नाही

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं गाड्यांच्या बॉडी बिल्डिंगचं शेड आहे. मित्राबरोबर तोंडी भागीदारीत डोंगरवाटांसाठी महागड्या कॅम्पर व्हॅन बांधायचं ठरलंय. बेंगळुरूचा ग्राहक स्वतःची फोर बाय फोर आणि 12 लाख अ‍ॅडव्हान्स देतोय. मित्र म्हणतो, गाडी त्याची, जबाबदारीही त्याचीच, तसं लिहून घेऊ. तेवढं पुरेल का?

उत्तर : नाही पुरणार. अजून पैसे घेतलेले नाहीत, हे फार बरं झालं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल मालकाला करता येत नाहीत. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलंय. छप्पर कापून उंच केलं, बेडसाठी सीट काढल्या, की भानगड सुरू. विनापरवाना बदलामागे मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते; वर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण. असा ग्राहक भरपाईसाठी तुमच्याच दारात येणार. उद्या स्वतःच्या नावानं नियमबाह्य गाड्या विकल्यात, तर गाडीमागे 1 लाख दंड किंवा वर्षापर्यंत कैद. मोटार कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे अशा कॅम्पर व्हॅनसाठी, एआयएस-124 हे मानक आहे. पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे मंजुरीसाठी आधी डिझाइन घेऊन जा, तो खर्च किमतीत धरा.

मला खरी काळजी व्हॅनमधल्या स्वयंपाकाच्या गॅसची वाटते. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की बेडखाली तळाशी साचतो; वरची खिडकी उघडी ठेवून भागत नाही, तळाशी व्हेंट लागतो. घाटात हादरे बसून पाइप पत्र्याच्या कडेला घासतो. माणूस भाजला, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं सदोष वस्तूची भरपाई बनवणाऱ्याकडून मागता येते, तीही ग्राहकाच्या राहत्या शहरातल्या ग्राहक आयोगात. म्हणजे तारखांना तुम्ही बेंगळुरूला. प्रत्येक जोडाचे फोटो आणि प्रेशर टेस्टची नोंद जपून ठेवा. ‘कुठल्याही वाटेवर चालेल’ असं चुकूनही लिहून देऊ नका.

मित्रावर विश्वास असू दे, पण तोंडी भागीदारी नको. फर्मच्या देण्यासाठी तुमचं घरही अडकू शकतं, आणि फर्म नोंदलेली नसेल तर ग्राहकाकडची बाकी वसूल करायला दावाही लावता येत नाही. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची नोंदणीकृत भागीदारी, करा.

अ‍ॅडव्हान्स टप्प्यानं घ्या, वेगळ्या खात्यात ठेवा, आणि मंजुरी नाकारली गेली तर त्यातलं किती परत द्यायचं ते करारात लिहा. मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत छपराला कटर लावू नका.