आमच्याच डोमेनवरून आम्हालाच धमकीचे मेल येताहेत. मेल हॅक झालाय का?

तुर्भे एमआयडीसीतल्या तुमच्या युनिटच्या अकाउंट्सच्या पत्त्यावर त्याच पत्त्यावरून मेल येतोय: ‘तुमचा कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आहे, बिटकॉइन पाठवा.’ पासवर्ड दोनदा बदलूनही मेल थांबले नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. पैसे पाठवू नका, उत्तरही देऊ नका. बहुतेक वेळा मेलबॉक्समध्ये कोणी शिरलेलंच नसतं, म्हणून पासवर्ड बदलून फरक पडत नाही. ईमेल पाठवण्याची एसएमटीपी ही पद्धत १९८२ची आहे आणि तिच्यात पाठवणाऱ्याचं नाव तपासायची सोयच नव्हती. पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कोणीही काहीही लिहावं, तसंच हे.

तरी आधी खात्री करा. जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ घ्या. तिथे एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) आणि डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) यांच्यापुढे पास की फेल ते दिसतं. नुसतं ‘पास’ वाचून थांबू नका, कोणत्या डोमेनसाठी पास तेही बघा. ‘रिटर्न-पाथ’च्या (न पोचलेला मेल जिथे परत जातो तो पत्ता) ओळीत भलतंच डोमेन असेल तर मेल बाहेरचाच. डीकेआयएम तुमच्याच डोमेनच्या सहीने पास असेल तर मात्र कोणीतरी खरंच खात्यातून पाठवतंय. मग सगळीकडून लॉगआउट करा, टू-स्टेप चालू करा आणि फॉरवर्डिंग व फिल्टर नक्की तपासा. चोर तिथे एखादा नियम टाकून जातो आणि पासवर्ड बदलल्यावरही तो चालूच राहतो.

आता बंदोबस्त. ‘आमचा एसपीएफ आहे’ एवढ्यावर बरेच जण निर्धास्त होतात, आणि चूक नेमकी इथेच होते. एसपीएफ रिटर्न-पाथचं डोमेन तपासतो. तुम्हाला दिसणाऱ्या ‘फ्रॉम’शी त्याचा संबंध नाही. भामटा रिटर्न-पाथला स्वतःचं डोमेन लावतो, फ्रॉममध्ये तुमचं लिहितो आणि एसपीएफ आरामात पास होतो. ही फट डीमार्क ही तिसरी तपासणी बुजवते: एसपीएफ किंवा डीकेआयएम, दोन्हींपैकी एक तरी पास हवं, आणि तेही फ्रॉममधल्या डोमेनशी जुळून.

तिन्ही गोष्टी डीएनएसमध्ये (डोमेनची सार्वजनिक नोंदवही) टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची नोंद, म्हणून जातात. डोमेन एका कंपनीकडून घेतलेलं आणि नेमसर्व्हर (ही नोंदवही ठेवणारे सर्व्हर) दुसरीकडे असतील, तर नेमसर्व्हर जिथे आहेत तिथेच बदल करा, नाहीतर काहीच लागू होत नाही. एसपीएफचं रेकॉर्ड एकच ठेवा. गूगलचं एक आणि होस्टिंगचं वेगळं अशी दोन झाली की तपासणीत एरर येते, म्हणून दोन्ही एकाच ओळीत जोडा. त्यातून होणारे डीएनएस लुकअप (नोंदी शोधायच्या फेऱ्या) १०च्या आत हवेत. डीकेआयएमची ‘की’ (सहीची किल्ली) २०४८ बिटची घ्या. गूगल वर्कस्पेस असेल तर रेकॉर्ड टाकल्यावर अॅडमिन कन्सोलमध्ये ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ दाबावं लागतं, ते बऱ्याचदा राहून जातं. डीमार्कसाठी नावाच्या रकान्यात फक्त अंडरस्कोर डीमार्क लिहा. पुढे डोमेनही लिहिलं तर बरीच पॅनेल ते परत जोडतात, आणि रेकॉर्ड कुणालाच सापडत नाही.

डीमार्कची पॉलिसी (नापास मेलचं काय करायचं ते) आधी ‘नन’, म्हणजे काहीच करू नका, अशी ठेवा आणि रिपोर्टसाठी वेगळा मेलबॉक्स द्या. ‘नन’ने एकही खोटा मेल अडत नाही, पण तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतंय ते कळतं. तीन-चार आठवडे रिपोर्ट वाचा. झेरॉक्स मशीनचं स्कॅन-टू-ईमेल, पगारपत्रकं पाठवणारं सॉफ्टवेअर, वेबसाइटचा चौकशी फॉर्म, सगळे त्यात उघडे पडतात. फॉर्मच्या फ्रॉममध्ये ग्राहकाचा पत्ता जात असेल तर तो रिप्लाय-टूमध्ये हलवा. हे सगळं जुळल्यावर ‘क्वारंटाइन’ (नापास मेल स्पॅममध्ये), आणि मग ‘रिजेक्ट’ (मेल थेट नाकारायचा). घाईने थेट ‘रिजेक्ट’ लावलं तर भामट्याबरोबर तुमची बिलंही अडतील, आणि ती अडल्याचं ग्राहकाचा फोन येईपर्यंत कळणार नाही.

फॉरवर्ड झालेल्या मेलचा एसपीएफ सहसा तुटतो, डीकेआयएमची सही मजकुराला हात लागला नाही तर टिकते. म्हणून डीकेआयएम टाळू नका.

आणखी एक. स्पॅम फिल्टरच्या ‘सेफ सेंडर’ यादीत स्वतःचंच डोमेन असेल तर आजच काढा. ते तिथे असेल तर तुमच्या नावाचा खोटा मेल फिल्टर चुकवून थेट इनबॉक्सात येऊ शकतो.

एका अक्षराने वेगळं, तुमच्यासारखं दिसणारं डोमेन कोणी घेतलं तर यातलं काहीच आड येत नाही. त्यामुळे ‘बँक खातं बदललंय’ असा मेल आला की अकाउंट्सवाल्यांनी सप्लायरच्या जुन्या, माहितीतल्या नंबरवर फोन करूनच पैसे सोडावेत. पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम रोखायची शक्यता कमी.