ज्वारीची भाकरी थापताना चिरते आणि फुगत नाही. उकड काढून केली तर ती खरी भाकरी नव्हे का? सोबतच्या पिठल्यात गुठळ्याही होतात, काय करावं?

रात्री कामावरून आल्यावर पिठलं-भाकरी खावीशी वाटते, पिठाचं पाकीट दुकानातून आणता, कोमट पाण्यात मळता, आणि उकडीचं नाव काढलं की सासूबाई म्हणतात, "उकड हाताला वळण नसणाऱ्यांनी काढावी." तुम्ही लिहिलेलं सासूबाईंचं हे वाक्य नसतं तर मी उत्तर लिहिलं नसतं. आमच्या आत्यांचंही हेच म्हणणं आहे, आणि त्यावरून आमच्यात होणारा वाद अजून मिटलेला नाही. त्यामुळे आधी भाकरी. पिठलं शेवटी, जमेल तेवढं.

ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, नाही. कणकेत पाणी पडलं की चिवटपणा आपोआप येतो, तसा ज्वारीच्या पिठात कितीही मळलं तरी येत नाही. हा गोळा एकत्र राहतो तो पिठातल्या स्टार्चच्या चिकटपणावर. तो चिकटपणा, म्हणजे आपण ज्याला पिठाची विरी म्हणतो ती, ताज्या दळलेल्या पिठात भरपूर असते आणि दिवस जातील तशी उतरते. विरी गेलेलं पीठ गार पाण्यात मळलं की गोळा दिसायला गुळगुळीत होतो, पण थापायला घेतला की कडेने चिरतो, उचलताना मधून तुटतो. यात हाताचा काही दोष नाही.

आत्यांची पद्धत बघितली की हे लक्षात येतं. ज्वारी बार्शीकडची, रब्बीची, मालदांडी. दळण आठवड्याचं, आणि गिरणीत ताकीद देऊन दळलेलं: ज्वारीवरच ज्वारी दळायची, गव्हावर किंवा डाळीवर नाही. काठवटीत एका भाकरीपुरतंच पीठ घेणार, मूठ-दीड मूठ. मधे खळगा करून गार पाणी घालणार, आणि मग तळहाताच्या टाचेने पीठ पुढे रगडत नेऊन परत गोळा करणार. मिनिट-दीड मिनिट हे चालतं. अंगठा दाबला आणि खळग्याच्या कडेला चीर पडली नाही, की गोळा झाला. लगेच थापायला. दुसऱ्या भाकरीचं पीठ तोपर्यंत कोरडंच. असं पीठ आणि असं रगडणं असेल तर उकडीची गरज नाही, हे मला मान्य आहे. पण हे सगळं पिठावर अवलंबून आहे. तुमच्या पाकिटातलं पीठ कधी दळलं, कुठल्या ज्वारीचं, कोणास ठाऊक. ते पीठ आत्यांच्या हातात दिलं तर त्यांचीही भाकरी चिरते. माझ्यासमोर चिरलेली आहे. त्यावर उत्तर मिळालं, "पीठच वाईट आहे." मग मी तरी दुसरं काय म्हणतोय?

उकड हा त्याच वाईट पिठावरचा उपाय आहे. ज्वारीचा स्टार्च साधारण ७० अंश सेल्सियसच्या पुढे पाणी शोषून फुगतो आणि चिकट होतो. उकळतं पाणी पिठात पडलं की पिठाचा काही भाग जागीच शिजतो आणि गेलेल्या विरीचं काम तो करतो. म्हणून पाणी उकळतंच हवं. "कोमट पाण्यात मळा" असं जिथे तिथे लिहिलेलं असतं, त्याने फक्त तुमच्या हाताला बरं वाटतं. बोटांना सोसेल एवढ्या पाण्याने स्टार्चला काहीही होत नाही. तुमचा निम्मा घोटाळा इथेच आहे.

चार भाकऱ्यांसाठी दोन वाट्या पीठ आणि दीड वाटी पाणी. पातेल्यात पाणी, चिमूटभर मीठ. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बारीक करून पीठ एकदम घाला, लाकडी उलथन्याच्या दांड्याने पाच-सहा वेळा ढवळा, गॅस बंद, झाकण. दहा मिनिटं हात लावू नका. या वेळात वाफ कोरड्या राहिलेल्या पिठापर्यंत पोचते. झाकण लगेच उघडलं तर मळताना कोरडे कण लागतात, आणि भाकरी फाटते ती नेमकी त्या कणांपाशी. मग परातीत काढून, सोसेल इतकी गरम असतानाच पाण्याचा हात लावत मळा. तीन-चार मिनिटं, टाचेने रगडून. "उकड काढली म्हणजे मळायला नको" हा गैरसमज आहे. पीठ जुनं असेल तर आणखी दोन-तीन चमचे पाणी पितं. मळलेली उकड ओल्या फडक्याखाली तासभर छान राहते. रात्री थकून आलेल्या माणसाला हा केवढा आधार आहे! गार पाण्याच्या पिठाला ही सोय नाही, ते पंधरा मिनिटांत वाळायला लागतं.

उकडीला पळवाट वगैरे म्हणणाऱ्यांना एकच विचारायचं. कोकणात तांदळाची भाकरी बहुतेक घरांत उकड काढूनच होते. तिथे कुणी कुणाच्या हाताचं वळण काढत नाही. नाचणीच्या पिठालाही बरेच जण उकळतं पाणीच घालतात. मग ज्वारीलाच हा सोवळेपणा कशासाठी? माझ्या मते खरी पळवाट म्हणजे ज्वारीत कणीक मिसळणं. भाकरी सुबक होते, लाटताही येते, आणि गार झाली की चामड्यासारखी चिवट. त्यापेक्षा सरळ पोळ्या करा.

थापण्याबद्दल फार लिहीत नाही, ते दहा-बारा भाकऱ्या बिघडवूनच येतं. शंभरेक ग्रॅमचा गोळा, परातीत खाली पिठाची पातळ चादर, आणि थापताना भाकरी गोल फिरत राहिली पाहिजे. ती फिरायची थांबली की खाली चिकटली असं समजा. कडेने पीठ टाकून पुन्हा फिरवा. डाव्या हाताची करंगळीची बाजू कडेला टेकवून ठेवा, म्हणजे कड फाकत नाही. कड जाड राहिली तर कच्ची राहते, म्हणून बोटं मधे कमी आणि कडेला जास्त चालवा. तयार भाकरी सात इंचांची आणि तीन-एक मिलिमीटर जाड. थापणं जमेपर्यंत दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटलीत तरी माझी हरकत नाही. उकडीचं पीठ लाटलं जातं.

आता फुगण्याचं. भाकरी फुगते ती आत कोंडलेल्या वाफेने. वाफ कोंडायची तर दोन्ही पृष्ठभाग अखंड हवेत, एकही चीर नको. हे काम पाणी लावण्यावर ठरतं, आणि नेमकं तेच लोक उरकून टाकतात.

लोखंडी तवा मोठ्या आचेवर तापवा. पाण्याचे थेंब टाकले की ते टिकून न राहता नाचत उडून गेले पाहिजेत. भाकरी दोन्ही हातांवर उचलून अशी टाका की परातीला लागलेली पिठाची बाजू वर येईल. ताबडतोब, आठ-दहा सेकंदांच्या आत, वरून पाणी फिरवा. चिमूटभर शिंपडायचं नाही. हात बुडवून किंवा ओल्या फडक्याने कडेपर्यंत सगळीकडे सारखं पसरायचं, वरचं कोरडं पीठ भिजून दिसेनासं झालं पाहिजे. कोरडा राहिलेला पट्टा आधी वाळतो, तिथेच केसासारखी चीर जाते, आणि पुढे वाफ तिथून निसटते.

मग बघत राहायचं. वरचं पाणी आधी चकाकतं. मग चकाकी कडेकडून मावळायला लागते, मधे अजून ओलसर असते. उलटायची वेळ हीच. पाणी चकाकत असतानाच उलटलीत तर भाकरी तव्याला धरते. पूर्ण वाळू दिलंत तर पृष्ठभाग कडक होऊन तडकतो. दोन्हींच्या मधे फार तर दहा सेकंद मिळतात, तेवढ्यात फोन बघायचा नाही. उलटल्यावर आच मध्यम करा आणि ही बाजू मिनिटभर किंवा थोडी जास्त, तपकिरी ठिपके येईपर्यंत भाजा. मधे उलथन्याने भाकरी तव्यावर फिरवत राहा, म्हणजे एका जागी करपत नाही. नंतर तवा बाजूला करून, आधी कमी भाजलेली बाजू थेट आचेवर धरा. पंधरा-वीस सेकंदांत फुगते. एखाद्या ठिकाणाहून वाफ सुटताना दिसली तर तिथे उलथन्याने हलकेच दाबा. इंडक्शन असेल तर तव्यावरच, स्वच्छ फडक्याची घडी करून कडेकडून दाबत जा. आचेवरच्या इतकी टम्म होत नाही, पण पापुद्रा सुटतो.

एवढं करूनही फुगली नाही तर कारणं ठराविक आहेत. कड फाटली असेल, तर मळणं कमी पडलं किंवा गोळा कोरडा होता. भाकरी अखंड आहे पण फुगत नाही, तर बहुतेक वेळा तवा थंड होता आणि आत वाफ व्हायच्या आधीच पाणी उडून गेलं. अर्धीच फुगली, तर थापताना एक बाजू जाड राहिली. खाली काळे डाग आणि जळका वास येत असेल, तर परातीतलं जास्तीचं पीठ तव्यावर साठून जळतंय. दर भाकरीनंतर तवा कोरड्या फडक्याने पुसा. नॉनस्टिक तवा यासाठी वापरू नका, त्याला एवढी आच द्यायचीच नसते.

झाल्यावर डब्यात एकावर एक कोंबू नका, खालची भाकरी वाफेने ओली होते. जाळीवर किंवा टोपलीत उभ्या टेकवून ठेवा, दोन मिनिटांनी फडक्यात गुंडाळा.

पिठलं. बेसनाच्या तिप्पट-साडेतिप्पट पाणी, म्हणजे एका वाटीला तीन ते साडेतीन वाट्या. त्यातल्या एका वाटी गार पाण्यात बेसन आधी कालवून घ्या, धिरड्याच्या पिठाइतकं सैल. गुठळी होते ती कोरडं बेसन गरम पाण्यात पडलं की. बाहेरचा थर तत्क्षणी शिजून बंद होतो आणि आत कोरडं पीठ अडकतं. फोडणी दोन-तीन मोठे चमचे तेलाची. मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, हिरव्या मिरच्या, कांदा, हळद. त्यावर उरलेलं पाणी आणि मीठ, उकळी, आच बारीक, आणि कालवलेलं बेसन बारीक धारेने, दुसऱ्या हाताने ढवळत. मग झाकून बारीक आचेवर सहा-सात मिनिटं. हा वेळ कापलात तर पिठलं कच्चट लागतं आणि दोष मिठा-मसाल्याला दिला जातो. ताटात हवं त्यापेक्षा सैल असतानाच उतरवा, बसल्यावर आळतं. कोरडं बेसन पेरून करायचं पिठलं मला जास्त आवडतं, पण त्याला सराव लागतो आणि ते वेगळं प्रकरण आहे. क्रम मात्र हा ठेवा: आधी पाण्याची उकळी आणि उकड, ती झाकलेली असताना पिठलं, शेवटी भाकऱ्या. सराव झाला की पाऊण तासात सगळं ताटात येतं.

दोन गोष्टी राहिल्या. वर "ज्वारीवर ज्वारी" म्हटलं ते विरीसाठी. घरात कुणाला गहू वर्ज्य असेल, सीलिअॅक (ग्लुटेन न चालणारा आजार) असेल, तर गव्हाच्या गिरणीतलं पीठ अशा ताकिदीनेही चालत नाही, त्यांच्यासाठी दळण वेगळंच हवं. आणि हे सगळं ज्वारीचं आहे. बाजरीत तेल जास्त, तिचं पीठ लवकर कडवट होतं. जुन्या बाजरीला उकडीने चिकटपणा येईल, पण कडूपणा जाणार नाही. म्हणून बाजरी आठवड्यापुरतीच दळून आणा, आणि वास घेऊन शंका आली तर तिची भाकरी करूच नका.