३३५, ३४५ की ३३०? जुनी गिटार ओळखताना

प्रश्न : मिरजेतील एका परिचितांकडे गिब्सन या अमेरिकी कंपनीची जुनी, लाल रंगाची अर्धपोकळ गिटार विक्रीस आहे. ते तिला ईएस-३३५ हे मॉडेल म्हणतात. तारा मागच्या कडेला अडकवणारा लांब ट्रॅपीझ टेलपीस पाहून माझे शिक्षक मात्र तिला ईएस-३३० म्हणतात. फिंगरबोर्डवरील (मानेवर बोटे ठेवण्याच्या पट्टीवरील) खुणा मधोमध दुभंगलेल्या तिरक्या चौकोनांच्या आहेत आणि नॉबजवळ एक भोक बुजवलेले दिसते. नेमके काय समजावे? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही गिटार ईएस-३४५ असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. तरीही जे भाग सहज बदलता येतात त्यांवरून निर्णय करू नये. ज्यांत फेरफार करणे अवघड असते ते भाग आधी पाहावेत.

सर्वप्रथम मोबाइलचा टॉर्च लावून एफ-होलमधून (अंगावरील इंग्रजी एफच्या आकाराच्या भोकातून) आत डोकवावे. १९५८ साली आलेल्या ३३५ मध्ये आणि तिच्या ३४५ व ३५५ या भावंडांमध्ये अंगाच्या मध्यभागी लांबीभर लाकडी ठोकळा असतो, त्यामुळे आत उभी लाकडी भिंत दिसते. १९५९ साली आलेली ३३० मात्र पूर्ण पोकळ असते. तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणे पोकळ अंग मोकळेपणाने घुमते, आणि म्हणूनच मोठ्या आवाजाच्या स्पीकरसमोर ते लवकर शिट्टी देऊ लागते. ठोकळा हे घुमणे आवरतो. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यासाठी हा फरक नावापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. शिवाय जुन्या ३३० ची मान सोळाव्या-सतराव्या फ्रेटच्या (मानेवरील आडव्या धातूच्या पट्टीच्या) आसपास अंगाला मिळते, तर ३३५ ची एकोणिसाव्या फ्रेटजवळ. पण १९६८ नंतरच्या ३३० ला लांब मान दिली गेल्याने एवढ्या एका खुणेवर विसंबू नये. पिकअपही (तारांची कंपने टिपणारे चुंबकीय भाग) पाहावेत : ३३० ला एका कॉइलचे पी-९०, तर ३३५ ला दोन कॉइलचे हमबकर असतात.

आपल्या शिक्षकांचा तर्क निराधार नाही, कारण ठोकळा नसल्याने ३३० ला ट्रॅपीझच लागतो. परंतु १९६५ च्या सुमारास गिब्सनने ३३५ वरही ट्रॅपीझ बसवायला सुरुवात केली. त्याच वेळी मानेची नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीपाशी) असलेली रुंदी सुमारे ४३ मिलिमीटरवरून ४० मिलिमीटरवर आली. ती पट्टीने मोजल्यास काळाचा अंदाज येईल. केवळ अनुक्रमांकावरून साल ठरवू नये, कारण त्या काळात गिब्सनने तेच क्रमांक पुन्हा वापरले.

राहिला ३३५ आणि ३४५ मधील भेद. ३३५ वर आधी ठिपके आणि १९६२ पासून छोटे आयताकृती तुकडे आहेत. दुभंगलेले तिरके चौकोन ही ३४५ ची खूण आहे. ३५५ ची फिंगरबोर्ड एबनी या काळ्या लाकडाची असून तिच्यावरील मोठे आयत पहिल्याच फ्रेटपासून सुरू होतात. ३४५ ला सहा ठिकाणी थांबणारा व्हॅरिटोन नावाचा स्वर बदलणारा स्विच आणि स्टिरिओ जोडणी होती. अनेक वादकांनी तो स्विच काढून टाकून जोडणी साधी करून घेतली. आपण पाहिलेले बुजवलेले भोक बहुधा त्याच जागेवर असावे. टेलपीस व पिकअपच्या कडांना सोनेरी मुलाम्याचे अवशेष दिसले, तर हा अंदाज आणखी पक्का होईल.

व्यवहारापूर्वी ही तपासणी दिवसाच्या उजेडात करावी, आणि काढलेला स्विच व त्याचे सुटे भाग जुन्या मालकाने जपून ठेवले असतील, तर ते गिटारीसोबतच मागून घ्यावेत.