आजोबांचा फळा

प्रिय चिऊ,

तुझा साताऱ्याहून आलेला निरोप दोनदा ऐकला. तू विचारलंस ते थोडक्यात असं: आजोबा रोज सकाळी कानटोपी घालून बोळाच्या तोंडाशी जातात, तिथला फळा पुसतात आणि त्यावर एक वाक्य लिहितात. दूधवाला, शाळेतली पोरं, फिरायला निघालेले काका, कुणीही थांबून वाचत नाही. आजी पहाटे उठून गुलाबाच्या चित्रावर छापलेलं वाक्य सगळ्या नातेवाइकांना धाडते, तेही कुणी वाचत असेल असं तुला वाटत नाही. मग मराठी माणसांना एवढे सुविचार लागतात कशाला? आणि शेवटी, जाता जाता, आजोबांनी येत्या रविवारचा फळा तुझ्यावर सोपवलाय, त्यावर काय लिहू?

खरा प्रश्न शेवटचाच आहे हे मला कळतंय. पण तिथं पोचायला जरा वळसा घ्यावा लागेल. वाचताना अडलीस तर आजोबांना विचार. पत्रात त्यांच्याबद्दल बरंच आहे, तरी चालेल.

आम्हाला ही सवय शाळेत लागली. वर्गातल्या फळ्याची वरची पट्टी आखून वेगळी ठेवलेली असायची. एका कोपऱ्यात वार आणि दिनांक, दुसऱ्या कोपऱ्यात पट, हजर, गैरहजर, आणि मधोमध सुविचार. खाली दिवसभर गणितं यायची, नकाशे यायचे, कर्ता-कर्म-क्रियापद यायचं, पण डस्टर त्या पट्टीला लागायचा नाही. सकाळच्या परिपाठातही त्याची जागा ठरलेली: प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. ज्याची पाळी असेल त्यानं माइकसमोर येऊन एक वाक्य म्हणायचं. त्यामुळे आदल्या संध्याकाळी घरात शोधाशोध व्हायची. वहीचं मागचं पान, दिनदर्शिकेचा कोपरा, पेपरातली चौकट, काही नाही तर शेजारच्या ताईची जुनी वही. गुरुजी मध्येच अर्थ विचारतील या धास्तीनं सगळे सर्वांत छोटं वाक्य पकडायचे. ‘नेहमी खरे बोलावे’ हे आमच्या शाळेत इतक्यांदा आलं की मुख्याध्यापकांनी शेवटी त्यावर बंदी घातली. म्हणजे त्या वाक्यावर, खरं बोलण्यावर नाही.

तू हसशील, पण त्या शोधाशोधीतच सगळं होतं असं मला आता वाटतं. माइकवर म्हटलेलं वाक्य ओळीत उभ्या पोरांच्या कानावरून जायचं. कुणाच्या पायाला मुंगी चावलेली असायची, कुणाला मधल्या सुट्टीच्या डब्याची काळजी. पण ज्यानं ते शोधलं, दहा वाक्यं वाचून नऊ टाकून दिली, त्याच्या डोक्यात ते राहायचं. सुविचाराचा पहिला उपयोग निवडणाऱ्याला होतो. ऐकणाऱ्याला झाला तर तो वरचा नफा.

म्हणूनच आजीचं काम आणि आजोबांचं काम एक नाही. आजी निवडत नाही. तिला कुणीतरी पाठवलेलं ती पुढं ढकलते. तिच्या त्या गुलाबाचा अर्थ ‘मी उठले, बरी आहे, तुम्ही कसे आहात’ एवढाच असतो, आणि तो मला इथं मेलबर्नला बरोबर पोचतो. एखाद्या सकाळी तो आला नाही तर मी आधी फोन करतो, मग दात घासतो. तेव्हा आजीच्या गुलाबाला नावं ठेवू नकोस. त्यावरचं वाक्य मात्र वाचलं नाहीस तरी काही बिघडत नाही.

त्या चित्रांवरची खालची नावं कधी पाहिलीस? विवेकानंद, अब्दुल कलाम, चाणक्य, नाहीतर गौतम बुद्ध. यांतलं बरंचसं त्यांनी कधी म्हटलेलंच नसतं. कुणीतरी रिकाम्या वेळी वाक्य बनवतं आणि वजन यावं म्हणून मोठं नाव चिकटवतं. मला याचा फार राग येतो. आपल्याकडची रीत नेमकी उलटी होती. तुकोबा अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ असं स्वतःचं नाव घालून बोलतात. ‘असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे.’ जे बोललो त्याला मी जबाबदार, असा तो रोकडा व्यवहार. आजोबांच्या फळ्यावर खाली कुणाचं नाव दिसलं तर समज, त्यांनी ते पुस्तकात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. खात्री नसेल तर ते नाव लिहीत नाहीत, नुसतं वाक्य लिहितात.

तुम्ही सज्जनगडावर जाऊन आलात म्हणे. समर्थ रामदासांनी देह ठेवला तो गड. आपल्या घरात पूर्वी दिवेलागणीला मनाचे श्लोक म्हटले जायचे, मी पाय हलवत हलवत म्हणायचो. त्यातला एक तुला ऐकून माहीत असेल: ‘जगी सर्व सूखी असा कोण आहे? विचारे मना तूचि शोधूनि पाहे.’ नीट बघ, यात उपदेश कुणाला चाललाय? शेजाऱ्याला नाही, पोरांना नाही, स्वतःच्या मनाला. आणि तोही हुकूम सोडून नाही. प्रश्न टाकलाय आणि उत्तर तूच शोध म्हटलंय. हल्लीच्या वाक्यांना हे जमत नाही. ती सरळ समोरच्याकडं बोट करतात: हसत राहा, हार मानू नका, लोकांचा विचार करू नका. सकाळी सकाळी इतक्या आज्ञा कोण ऐकून घेईल?

आता आजोबांच्याच गोष्टीकडं येतो, कारण तुला त्यातली अर्धी माहीत नाही.

साताऱ्यात फिरताना वडाच्या झाडाचं चिन्ह असलेल्या शाळांच्या पाट्या तू पाहिल्या असशील. ती रयत शिक्षण संस्था. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात ती सुरू केली, पुढं १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं तिथं एका छताखाली राहायची आणि एका पंगतीला जेवायची. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. मुलांना जेवू घालायला पैसे उरले नाहीत तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. संस्थेचं ब्रीदवाक्य आहे ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’. आणि ‘कमवा आणि शिका’ हे तीन शब्द तर आजोबांनी अंगमेहनतीनं वाचलेत. ते या योजनेतून कॉलेज शिकले. सकाळी शेतात खुरपं, मग आंघोळ, मग वर्ग. हाताला घट्टे पडलेल्या पोरानं ते तीन शब्द वाचणं आणि मी इथं उबदार खोलीत बसून वाचणं यात फरक आहे, हे मला फार उशिरा कळलं. वाक्यामागं कुणी काय मोडलं हे माहीत असेल तर ते टिकतं.

३ जानेवारीला फळ्यावर काय होतं ते तू फोटो काढून पाठवलंस आणि विचारलंस की एवढं लांबलचक का. तो सावित्रीबाई फुल्यांचा जन्मदिवस. नायगाव आपल्याच सातारा जिल्ह्यातलं, आणि जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण तेही इथलंच. आजोबा त्या दिवशी दरवर्षी जोतीरावांच्या त्याच ओळी लिहितात: विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, तिथून गती, मग वित्त, आणि शेवटी ‘इतके अनर्थ एका अविद्येने केले’. तो नुसता सुविचार नाही. तो हिशोब आहे, एकेक ओळ मागच्या ओळीला धरून उतरत जाते. आजोबांना तो लिहायला पाऊण तास लागतो आणि फळ्यावर जागा पुरत नाही. तरी ते छोटा करत नाहीत.

बाकीचे दिवस मात्र ते बोळात काय चाललंय ते बघून लिहितात. ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नाही. एकदा नगरपालिकेच्या निवडणुकीत त्यांनी ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ लिहिलं, तर संध्याकाळी एका उमेदवाराची माणसं दारात. आमच्या साहेबांवर लिहिलंय म्हणाली. आजोबांनी चहा पाजला आणि विचारलं, “तुम्हाला तसं का वाटलं?” त्यावर कुणाला काही बोलता येईना. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाची माणसं आली. त्यांनाही चहा. आजी अजून ती साखर मोजते.

बोळात कुणी गेलं तर त्या दिवशी फक्त वार आणि तारीख. तेराव्यापर्यंत म्हणी नाहीत, विनोद तर नाहीच.

आणि दहावीच्या निकालाचं एक. त्या वर्षी शेजारचा मुलगा नापास झाला होता. आजोबा खडू घेऊन निघाले, मनात ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ ठरलेलं. आजीनं दारातच अडवलं. “अहो, त्या पोराला रोज त्या फळ्यापुढून जायचंय. त्याच्या नापास होण्याची जाहिरात कशाला लावताय?” आजोबा थोडा वेळ उभे राहिले, मग जाऊन लिहून आले: ‘काल यवतेश्वरावर चांगला पाऊस झाला.’ बस्स. मला विचारशील तर त्या फळ्यावरचं ते सर्वांत चांगलं वाक्य. ज्याचं मोडलंय त्याला धीराचं वाक्य ऐकवणं ही बऱ्याचदा आपली सोय असते. आपण बोललो, आपलं कर्तव्य संपलं. जो रोज बारा तास राबतो त्याला ‘कष्टाशिवाय फळ नाही’ सांगण्यातही तोच प्रकार. त्याच्या कष्टात काही कमी नसतं, फळ दुसऱ्याकडं जात असतं.

तरी ही वाक्यं टाकाऊ नाहीत, याची साक्ष मी देऊ शकतो. इथं नवीन आलो तेव्हा काम मिळेना, तू तान्ही होतीस. त्या दिवसांत मला कुठल्याही पुस्तकातलं काही आठवलं नाही. आठवलं ते शाळेतलं, ‘थेंबे थेंबे तळे साचे’. इतकं साधं की चारचौघांत म्हणायची लाज वाटावी. पण त्या म्हणीबरोबर तो वर्ग आला, ती आखलेली पट्टी आली, आणि रोज एक अर्ज भरायचा एवढं ठरवता आलं. वाक्यानं काम दिलं नाही. उद्या सकाळी काय करायचं एवढं दिलं. तुझ्या इथल्या शाळेच्या जिन्यातही भिंतीवर ठळक अक्षरांत छापलेली वाक्यं आहेतच. मला त्यांची अडचण एवढीच वाटते की ती कधी पुसली जात नाहीत. तीच ती राहिली की डोळा त्यांना भिंत समजायला लागतो. आजोबांना मात्र रोज पुसावं लागतं, म्हणून रोज नवा विचार करावा लागतो. वयाच्या या टप्प्यावर थंडीत बाहेर पडायला त्यांना तेवढं कारण पुरतं, हेही एक आहेच.

आता रविवार.

इंटरनेटवर शोधू नकोस. आजोबांची ती निळ्या पुठ्ठ्याची वही आहे, ती मागून घे. ते देतील, पण आधी हात धुवायला लावतील. त्यातली आवडतील ती वाक्यं वेगळ्या कागदावर काढ आणि मग एकेक खोडत जा. शेवटी जे खोडवणार नाही ते घे. काहीच उरलं नाही तर स्वतःचं लिही. या तीन आठवड्यांत तू साताऱ्यात जे पाहिलंस, अजिंक्यताऱ्यावरून, मंडईत, एसटी स्टँडवर, त्यातलं एक वाक्य. ते सुविचारासारखं वाटलं नाही तरी चालेल, पावसाचं कुठं वाटत होतं? फक्त खाली विवेकानंदांचं नाव घालू नकोस.

लांबी दोन ओळींच्या आत ठेव. चालता चालता वाचून झालं पाहिजे. आधी वहीत लिहून ऱ्हस्व-दीर्घ आजोबांकडून तपासून घे. सातारा पेन्शनरांचं गाव आहे. जे लोक सुविचार वाचायला थांबत नाहीत ते चुकीची वेलांटी दाखवायला नक्की थांबतील. खडू पाण्यात बुडवून लिहिलास तर अक्षर वाळल्यावर ठसठशीत उठतं, पण पुसायला ओलं फडकं लागतं, ते सोमवारी आजोबांसाठी तूच भिजवून ठेव. आणि त्यांच्या स्टुलावर चढू नकोस, त्याचा एक पाय हलतो. स्वयंपाकघरातलं घे, आजीला विचारून.

आईनं कंदी पेढे आठवणीनं आणायला सांगितलेत. पण भारतातली दुधाची मिठाई ऑस्ट्रेलियात आणू देत नाहीत, तेव्हा ते तिथंच खाऊन ये.

तुझा,
बाबा