रिपोर्ट नॉर्मल आहे, मग दुखतंय कुठून?

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे समुपदेशनाला एक गृहस्थ आले, वय ३८, राहणार विरार, नोकरी चर्चगेटला (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). खुर्चीच्या अगदी कडेला एका बाजूवर टेकून बसले, मांडीवर मेडिकलची पिशवी आणि तिच्यात अँटिबायोटिकच्या सहा रिकाम्या स्ट्रिप्स, पुढच्या डॉक्टरला दाखवता याव्यात म्हणून जपून ठेवलेल्या. आठ महिने ओटीपोटात आणि खाली बसायच्या जागी दुखणं, लघवीला जळजळ, संबंधानंतर तर जास्तच, म्हणून हे हॉलमध्ये झोपायला लागले आणि बायकोला काही सांगितलंच नाही. लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू शोधायची टेस्ट, दोनदा निगेटिव्ह. मान खाली घालूनच विचारलं, "मॅडम, लग्नाआधीच्या सवयीमुळे झालं का हे? की कॅन्सर आहे?"

हे दोन प्रश्न मला खूप पुरुष विचारतात आणि दरवेळी जीव तुटतो, कारण तोवर ते लोकलच्या डब्यातल्या 'गुप्तरोग' वाल्या जाहिराती वाचून निम्मे खचलेले असतात. या दुखण्याला प्रोस्टेटायटिस म्हणतात, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीची सूज, आणि हस्तमैथुनाने ती होत नाही. आणि सूज म्हणजे कॅन्सर नाही. पण सुजेमुळे रक्तातलं पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन, कॅन्सरच्या तपासणीत ते मोजतात) वाढू शकतं, तेवढा एक आकडा बघून घाबरू नका, सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी डॉक्टर ती टेस्ट परत करायला सांगतात.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी, मूत्राशयाच्या खाली, लघवीची नळी तिच्या मधूनच जाते, म्हणून त्रास लघवीत जाणवतो. बॅक्टेरियामुळे सूज आली तर अँटिबायोटिक लागतंच, काही आठवड्यांचा पूर्ण कोर्स. एकदम थंडी वाजून ताप आला, लघवी अडकली तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. पण बहुतेक जुनाट केसेसमध्ये जंतू सापडतच नाहीत! दुखणं मात्र खरंच असतं, मनाचे खेळ नसतात, बऱ्याच जणांचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले असतात आणि काळजीने ते अजून आवळतात. तिथे सातवी स्ट्रिप काय करणार?

मी डॉक्टर नाही, म्हणून त्यांना युरोलॉजिस्टकडे, म्हणजे लघवीच्या आजारांच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी तपासून टॅमसुलोसिन हे लघवीची वाट सैल करणारं औषध दिलं, त्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी सांगितली, म्हणजे आवळायचे नाही तर सैल सोडायचे व्यायाम, शिवाय टबात कोमट पाण्यात बसणं. माझ्याकडे काम वेगळंच निघालं. विरार लोकलमध्ये बाथरूम नाही म्हणून हे दुपारी चारनंतर पाणीच प्यायचे नाहीत आणि दीड तास सगळं घट्ट आवळून उभे राहायचे, वर्षानुवर्षं!

तिसऱ्या सेशनला बायकोला घेऊन आले. तिला वाटत होतं यांचं बाहेर काहीतरी चाललंय. मी समजावलं की जंतू नसलेलं हे दुखणं एकमेकांना लागत नाही, तर ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "अहो, एवढं सांगायला आठ महिने लागले?" आणि दोघंही रडली, मी पाण्याचे ग्लास पुढे करून गप्प बसले.

परवा फोन आला होता. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, महिन्यातून दोनतीन दिवस डोकं वर काढतं, पण आता ऑफिसातून पाणी पिऊन निघतात आणि गरज लागली तर अंधेरीला उतरतात, पुढची गाडी पकडतात.