निकोला मिहोव हे बल्गेरियन छायाचित्रकार कशासाठी ओळखले जातात? त्यांच्यासारखे फोटो काढताना काय चुकतं?

‘फर्गेट युअर पास्ट’ या २०१२ च्या पुस्तकासाठी. विषय साम्यवादी काळातली बल्गेरियातली स्मारकं. नाव आलंय बुझलुजा स्मारकाच्या दारावर कुणीतरी रंगवलेल्या वाक्यावरून. १९८१ मध्ये खुलं झालेलं हे स्मारक म्हणजे डोंगरमाथ्यावर ठेवलेली काँक्रीटची तबकडी आणि शेजारी सुमारे ७० मीटरचा मनोरा. वास्तुकार गेओर्गी स्तोइलोव्ह. फोटोंइतकीच मिहोव यांनी जमवलेली माहितीही मोलाची आहे. ती नसती तर उरले असते फक्त देखणे भग्नावशेष, आणि तसे फोटो नेटवर ढिगानं पडलेत.

हमखास चूक म्हणजे जवळ जाऊन कॅमेरा वर रोखणं. मनोरा मागे कलंडल्यासारखा येतो. मागे सरका, ट्रायपॉडवर कॅमेरा समपातळीत ठेवा, शिफ्ट लेन्स (कॅमेरा न कलवता चौकट वर सरकवणारी) नसेल तर खालची जादा जमीन नंतर कापा. बर्फात कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो, काँक्रीट काळपट येतं. एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, वाढवा. बुझलुजाच्या आत जायला बंदी आहे, छत खरंच धोकादायक आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या गेटी फाउंडेशन या संस्थेनं स्मारकाच्या जतन आराखड्यासाठी १,८५,००० डॉलर दिले.